सासूबाईंचा आवाज आणि माझी झाडलोट

सासूबाईंचं वर्षश्राद्ध जवळ आलं, तसं यी-चुननं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, मला देव्हारा पुसायला सांगितला. मी पुसला, आणि हात शिवशिवत होते म्हणून घरचा कॉम्प्युटरही आवरायला घेतला. (इथंच मला ग्रहण लागलं.)

लिनक्स या कॉम्प्युटर-प्रणालीची पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रामांची गाठोडी, बांधणं हा माझा धंदा. लिनक्समध्ये पाठीमागे चालणाऱ्या प्रोग्रामला स्वतःचं खातं मिळतं, खात्याला नंबर असतो आणि फायलीवर मालक म्हणून फक्त नंबर लिहिलेला असतो. म्हणून प्रोग्राम काढला तरी खातं ठेवायचं. नाहीतर तो नंबर नव्या पाहुण्याला मिळतो आणि जुन्याच्या फायली त्याच्या होतात. हे ताइपेत भर सभेत सांगून मी टाळ्या घेतल्या आहेत.

सासूबाईंना टाइप करता येत नसे, त्या फोनवर बोलूनच निरोप धाडत. ते सगळे निरोप घरच्या कॉम्प्युटरवर होते आणि सासरे रोज संध्याकाळी ऐकत. ते वाजवणारा जुना प्रोग्राम बदलताना मी त्याचं खातंही उडवलं; निरोपांच्या फायली त्याच खात्याच्या नंबरावर होत्या. (स्वच्छता!) मग एक झाडूवाला प्रोग्राम बसवला, कॉम्प्युटरभर फिरून स्वतःच्या जुन्या फायली पुसणारा. त्याला नेमका तोच नंबर मिळाला.

संध्याकाळी सासरे बटण दाबत बसले.

"पो-हान, ही बोलत का नाही रे?"

मी पाहिलं. फोल्डर रिकामा.

"दुसरी प्रत असेल ना?" यी-चुननं विचारलं.

"तीही त्याच नंबराची."

"म्हणजे?"

"झाडली गेली."

"माझ्या आईला झाडलंस तू?"

सासऱ्यांनी पुन्हा बटण दाबलं. ते मला बघवेना. न्हाणीघरात जाऊन मी रडलो.

एक निरोप तेवढा वाचला. सासूबाई माझ्याबद्दल काय बोलतात याचा पुरावा म्हणून (भांडणात कामी येईल!) मी तो माझ्या खात्यात उतरवून ठेवला होता. मालक मी, म्हणून झाडूवाल्यानं हात लावला नाही.

श्राद्धाला सगळे नातेवाईक उदबत्त्या धरून उभे राहिले. मी निरोप लावला.

"यी-चुन, त्या बावळटाला घरातलं काही आवरायला देऊ नकोस गं. आणि बाबांना माशाची पेज दे, उपाशी बसतील."

सासऱ्यांनी डोळे पुसले. "पुन्हा लाव," म्हणाले.

आता तो रोज संध्याकाळी लागतो. लावायचं काम माझ्याकडे आहे; फाईल माझ्या मालकीची ना!