कॉलरवरचा व्हॅनिला

आमचे हेडक्लार्क शामराव इंगळे ऑफिसात आले की साऱ्या शाळेला भूक लागे. कारण त्यांची कॉलर. अत्तराऐवजी ते तिच्यावर व्हॅनिलाचा इसेन्स लावत. आइस्क्रीमवाले आणि बेकरीवाले वापरतात तोच. शिवाय त्यातच बुडवलेला कापसाचा बोळा कानात.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते आणि मी नुकताच बी.ए. झालो होतो. मॅट्रिकच्या पुढे गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. डोणगावच्या हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो तेव्हा शामरावांनीच मला खोली पाहून दिली. ते उपकार मी मानतो. पण वासाबद्दल खरे तेच लिहिले पाहिजे.

अत्तरांना ते जवळ येऊ देत नसत. "मोगरा म्हंजे लग्नाचा मांडव. हिना म्हंजे म्हातारा मुनीम. अन् चंदन लावलं का लोक इचारतात, कोन गेलं? वास असा पाह्यजे सर, का मानसाले भूक लागली पाह्यजे!"

व्हॅनिला त्यांना अकोल्यात सापडला. परीक्षेचे गठ्ठे पोचवायला गेले, आइस्क्रीम खाल्ले आणि दुकानदाराचे डोके खाऊन वासाची बाटलीच घेऊन आले. "कोनी दूध आटवून राह्यलं, साखर घालून राह्यलं, अन् तुमाले आवाज देऊन राह्यलं, असा वास हाय हा," ते सांगत. वर्णन खोटे नव्हते. ऑफिसात काम नसतानाही मी रेंगाळत असे.

एकदा तपासणीला साहेब आले. ऑफिसात पाऊल टाकताच त्यांचा चेहरा खुलला. आत आपल्यासाठी काहीतरी गोडधोड चालले आहे अशी त्यांची खात्री पटली. रजिस्टरे चाळताना नजर सारखी दाराकडे. शेवटी चहा आला, तोही नुसता. त्या दिवशी साहेबांना आमच्या शाळेत जेवढे दोष दिसले, तेवढे पुढे कोणालाच दिसले नाहीत. हेडमास्तर शामरावांवर उखडले. "सायबाले भूक लागली, यात माहा काय गुन्हा?" शामरावांनी विचारले.

आईवडील लवकर गेले, बहिणींची लग्ने करता करता शामरावांचे स्वतःचे राहून गेले. धामणगाव बढ्याला माझ्या मावशीच्या शेजारी एक मुलगी होती. स्थळ मीच सुचवले. शामराव इतके हरखले की नवा सदरा शिवला. मुलीचे वडील माळकरी. निघताना मी हात जोडले, "आजच्या दिवस तरी लावू नका."

"काऊन? पोरगी पाह्याले जाऊन राह्यलो का मयताले?" असे म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा दुप्पट लावले.

बैठकीत मुलीची आत्या सारखी हुंगत होती. तिने खामगावात बेकरीच्या दारावरून जाताना हा वास घेतला होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ती भावाच्या कानात कुजबुजली, "दादा, हा केकचा वास हाय. केकात अंडं रायते!"

वडिलांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. "तुमी बेकरीत जाता काय हो?"

"जातो न कदीमदी," शामराव खुशीत म्हणाले. "वास घ्याले."

संपले. मुलगी मात्र पोह्यांची बशी ठेवताना क्षणभर थांबली आणि खोल श्वास घेऊन गेली. मी ते पाहिले. पण मुलीला विचारतो कोण?

मावशीने नकार कळवला. तो सांगायला मी रविवारी शामरावांच्या खोलीवर गेलो. ते ऑफिसातच भेटत, त्यामुळे आत जायची ती पहिलीच वेळ. दार उघडले आणि गोड, ऊबदार वास अंगावर आला.

"काय केलं आज?" मी विचारले.

"काही नाही. खानावळीतून येऊन राह्यलो."

चूल कोरी होती. तिच्यात राखसुद्धा नव्हती. दाराच्या चौकटीला आतून, खिळ्यावर, कापसाचा ओला बोळा टोचलेला होता. माझी नजर गेलेली पाहून शामराव लाजले.

"शाळेतून येतो, कुलूप काढतो, त वाटते, आत कोनी तरी गोड करून ठेवलं. दोन पावलं आत टाकली का समजते मंग. पन तेवढी दोन पावलं बरी जातात."

मी नकार सांगितला. अंड्याचेही सांगितले. वाटले, हसतील.

"मंग सोडून देऊ म्हन्ता, वास?"

आजवर या बाबतीत त्यांनी कोणाचा सल्ला घेतला नव्हता. मी चपला घालू लागलो.

"लगेच काऊन निघता सर? बसा न," ते म्हणाले. "वास हाय आनखी थोडा वेळ."