रिकामा पाळणा हलवू नये

जुनी वस्तू पारखावी कशी, हे साऱ्या मुलखात दोघांनाच कळतं, असं सोनाजीचं मत होतं. एक तो स्वतः. दुसरा कोण, हे त्यानं अजून ठरवलं नव्हतं.

नरसीला नामदेवाच्या देवळाबाहेर त्याचं बुक्का-चिरमुऱ्याचं दुकान होतं. दुकानातला तराजू जुना, पेटारा जुना, बसायचं पोतं जुनं. डोक्यावरचा पटका तर इतका जुना, की एकदा सोडला तर पुन्हा बांधता येईल याची खात्री नव्हती, म्हणून सोनाजी तो सोडतच नसे! पटक्यानिशी झोपायचा आणि पटक्यानिशी उठायचा. नवी वस्तू घेणाऱ्या माणसाकडं तो दयेनं बघत असे.

अशा माणसाला मुलगी झाली. पहिली खेप, म्हणून द्वारका बाळंतपणाला माहेरी होती. तिचं माहेर आखाडा बाळापूरपासून दोन-अडीच कोसांवर. बारशासाठी सोनाजी दोन दिवस आधीच सासुरवाडीला येऊन बसला. लेक काही त्याला अजून दाखवली नव्हती, कारण बारशाआधी बापानं बाळंतिणीच्या खोलीत डोकवायचं नाही असा सासूबाईंचा नेम होता. मग वेळ कसा जाणार? तो ओट्यावर बसून बोलत सुटला.

"नवा पाळना?" नर्मदाबाई, म्हणजे त्याची सासू, हिंगोलीच्या सुताराचं नाव काढते न काढते तोच तो म्हणाला, "मामी, नव्या पाळन्यातलं लेकरू रडकं निघतं! पाळना पाहिजे जगल्या-वाढल्या लेकरांचा. दांडी हातानं गुळगुळीत झालेली पाहिजे. अन् लढाईपाई कापडावर कंट्रोल हाय, तवा कुंची-दुपटंबी जुनंच घेतो. उद्या बाळापूरहून असा पाळना आनतो, की सारं गाव बघाया येईल!"

सारं गाव बघायला आलं, एवढं मात्र खरं झालं.

"आना बापा," नर्मदाबाई म्हणाल्या, "पन एक ध्यानात ठेवा. रिकामा पाळना हलवू नगा. लेकराचं पोट दुखतं."

"हे मला सांगता?" सोनाजी हसला.

सासरे किसनराव यांनी आपली बैलगाडी दिली. एक बैल पांढरा शुभ्र, दुसरा मोडक्या शिंगाचा. ही जोडी पंचक्रोशीत कुणीही ओळखावी अशी. गडी बरोबर देत होते, पण सोनाजीनं नको म्हटलं. पारख करताना मधे कुणी बोललेलं त्याला खपत नसे.

बाळापुरात इब्राहीम पिंजाऱ्याकडं पाळणा आहे, असं कळलं होतं. घरात कापूस असा उडत होता की इब्राहीमच्या दाढीत खरी पांढरी किती आणि कापूस किती, ते कळेना. पाळणा मात्र पाहण्यासारखा! लाल-पिवळ्या लाकडी चेंडूंचा, घासून-घासून आरशासारखा झालेला. सोनाजीनं त्याला कान लावला. चारी दांड्या ठोकल्या. जमिनीवर उताणा पडून खालून पाहिला. मग उठून एका खुंटीला नाक लावून वास घेतला.

इब्राहीम शांतपणे म्हणाला, "सोनाजीसेठ, भैंस नै है, झूला है."

इब्राहीमची सगळी मुलं त्यात वाढलेली, नातवंडंही वाढून अंगणात दंगा करत होती. त्याची बायको गौसियाबी हिनं पाळण्यावरून हात फिरवला आणि पदरानं डोळे टिपले. मग आतून नातवाची तोकडी झालेली कुंची, मऊ दुपटं आणि लाकडी खुळखुळा आणून सोनाजीच्या हातात दिला. "सब बच्चे जिंदा-सलामत है इसमें पलके," ती म्हणाली. "तुमारी बेटी बी रहेंगी. पन खाली झूला हिलाना नै हौ!"

सोनाजी मान डोलावून पाळणा उचलायला गेला आणि थबकला. गाडीत कडब्यावर पाळणा ठेवला, तर वाटेवरच्या प्रत्येक खड्ड्यात तो हलणार! घरापर्यंत खड्डे किती होते, ते खड्ड्यांनाही ठाऊक नसेल. तेवढ्या वेळा लेकीचं पोट दुखणार?

तो क्षणभर डोळे मिटून उभा राहिला आणि मग त्याला ते सुचलं. स्वतःच्या अकलेचं त्याला इतकं कौतुक वाटलं की तो मोठ्यानं हसला.

"बी, तुमचा एखादा जुना वरवंटा द्या! आमच्यात बारशाला लेकराच्या आधी पाळन्यात वरवंटाच निजवतात. तोच आत्ता निजवतो. म्हंजे पाळना रिकामा न्हाई!"

गौसियाबीनं झिजलेला एक वरवंटा काढून दिला. सोनाजीनं तो दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवला आणि गाडी हाकली. अक्कल असावी तर अशी!

बाजारात गर्दीमुळं गाडी थांबली. एका भजेवाल्यानं सहज पाळण्यात वाकून पाहिलं. आधी त्याला विश्वास बसेना. मग त्यानं झारा खाली ठेवला आणि बोंब ठोकली, "अरे या रे या! ह्या बाबानं वरवंटा निजवलाय पाळन्यात!"

मग काय! जो तो येऊन बघून जाऊ लागला. "जोडीला पाटा व्हईल आता!" "टोपडं न्हाई घातलं पावनं, सर्दी व्हईल त्याला!" "कोनावर गेलंय? बापावर गेलंय!" सोनाजी कानशिलं लाल करून बैलांच्या शेपट्या पिरगाळत कसाबसा बाहेर पडला.

गावाबाहेर आल्यावर त्यानं गाडी थांबवली आणि ठरवलं, की आता हा दगड कुणाच्या दृष्टीस पडू द्यायचा नाही. वरवंट्याला कुंची घातली, बंद बांधले, दुपटं वरपर्यंत ओढलं, उशाला खुळखुळा ठेवला. वरवंटा घाटदार होता. लांबून पाहिलं तर गुटगुटीत लेकरू!

थोडं पुढं गेला, तर समोरून लग्नाची वरात. हलग्या, सनया, ताशे, नुसता दणदणाट! नवरदेवाच्या बापानं पाळणा पाहिला आणि दोन्ही हात वर केले. "वाजवू नगा रे! लेकरू झोपलंय!" एका क्षणात सगळं गप. हलगीवाले हलग्या पोटाशी धरून, सनईवाले गाल आवरून, नवरदेवाचा घोडासुद्धा लगाम धरून हळूहळू, अशी ती सगळी वरात चोरपावलानं गाडीजवळून गेली. सोनाजीनं बापाच्या ऐटीत मान हलवून आभार मानले. बाप होणं म्हणजे हेच असावं, असं त्याला वाटलं. त्याला ते फार आवडलं. इथंच चुकलं.

नाल्यावर तो बैलांना पाणी पाजत होता, तेव्हा डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई आली. ती बेबीबाई, त्याच्या सासुरवाडीचीच. चार-आठ दिवस लेकीकडं बाळापूरला राहून परत निघाली होती. तिनं सोनाजीला कधी पाहिलं नव्हतं. सोनाजीनंही तिला पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर तो आल्या वाटेनं परत गेला असता.

"अगं माय, लेकरू!" ती पाळण्याकडं बघत म्हणाली. "कोनाचं वो?"

"माझंच," सोनाजी ऐटीत म्हणाला.

"किती गप हाय! हूं न्हाई का चूं न्हाई!"

"आमच्या खानदानात रडायची पद्धतच न्हाई."

"व्हय का? आन माय कुटं हाय लेकराची?"

आता एवढ्या लहान जिवाला आईवाचून एकटा बाप घेऊन निघाला, हे काही बरं दिसत नव्हतं. सोनाजीनं मागं बोट केलं. "मागून येऊन राहिली. दुसऱ्या गाडीत."

बेबीबाईचं लक्ष बैलांकडं गेलं. पांढरा बैल, मोडकं शिंग. "हे तर आमच्या किसनरावचे बैल! तुमी कोन त्यांचे?"

"जावई!" सोनाजीनं मिशीवरून हात फिरवला.

बेबीबाईनं तोंडावर हात ठेवला. एकदा पाळण्याकडं पाहिलं, एकदा सोनाजीकडं, एकदा मागच्या मोकळ्या रस्त्याकडं. मग ती शेतातली पायवाट धरून अशी सुटली, की पाटीतले कांदे मागं सांडत गेले आणि तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. सोनाजी खूश झाला. पाळण्याची बातमी द्यायला गेली बिचारी, तो मनाशी म्हणाला. पाळणाच तसा होता!

गाडी गावात शिरली, तेव्हा किसनरावांच्या दारात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. नर्मदाबाई पदर खोचून उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्यामागं बेबीबाई, धापा टाकत. किसनराव खांबाला टेकून जमिनीकडं बघत होते.

"या जावईबापू," नर्मदाबाई म्हणाल्या. आवाज असा, की बैलांनीसुद्धा कान टवकारले. "पाळना आनाया गेले, अन् भरलेला घेऊन आले! दुसरी गाडी कुटं हाय?"

"कोनती दुसरी गाडी?"

"तिची! तुमच्या नव्या बायकूची! माझी लेक आत बाळंतीन पडली, अन् तुमी तिच्या लेकीच्या बारशाला सवतीचं लेकरू आनता? बेबीबाई, बोल की! काय म्हनले हे?"

"माझंच म्हनले," बेबीबाई म्हणाली. "माय मागून येऊन राहिली म्हनले. मी आपलं कानानं ऐकलं तेच सांगून राहिले."

"द्वारका तुमच्याकडं नांदायची न्हाई!" नर्मदाबाई कडाडल्या. "तिची लेकबी दिसायची न्हाई तुमाला! गाडी फिरवा!"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सारं गाव समोर उभं! बाजारातलं ते हसू अजून कानात होतं. खरं सांगावं तर जन्मभर वरवंट्याचा बाप, न सांगावं तर दोन बायकांचा दादला! आणि कबूल करायला लाज वाटते, पण सोनाजीनं दोन्हीकडं क्षणभर तोलून पाहिलं. दुकानदार माणूस, तोलायची सवय जाणार कशी?

तेवढ्यात द्वारका बाहेर आली. डोक्याला फडकं बांधलेलं, तोंड उतरलेलं.

"द्वारके, आत जा!" नर्मदाबाई ओरडल्या.

"आई, दिसभर उन्हातून आलंय ते लेकरू," द्वारका म्हणाली. "त्याला बिचाऱ्याला काय ठावं? भुकेलं असंल. मी पाजते त्याला, मग भांडा तुमी."

सोनाजीला गलबलून आलं. बाईनं आपल्या सवतीच्या लेकराला दूध पाजायला यावं आणि आपण तिला दगड आणून द्यावा! आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या अकलेची मनापासून लाज वाटली.

"द्वारके, थांब! ते लेकरू न्हाई, ते—"

पण तो गाडीवरून उतरून पोचेस्तोवर तिनं पाळण्यात वाकून मानेखाली हळूच हात घातला होता. उचलायला गेली, तर लेकरू उचलेना! तिनं जोर लावला. कुंचीचे बंद तुटले आणि वरवंटा दुपट्यातून निसटून सरळ सोनाजीच्या पायाच्या अंगठ्यावर पडला.

सोनाजीच्या खानदानात रडायची पद्धत नव्हती, ती त्या दिवशी सुरू झाली. ती किंकाळी ऐकून आतल्या खोलीतली त्याची लेकही जागी झाली आणि बापाच्या सुरात सूर मिळवून तिनं घर डोक्यावर घेतलं.

एका पायावर नाचत त्यानं सगळं सांगितलं. रिकामा पाळणा, खड्डे, भजेवाला, वरात, सगळं! नर्मदाबाईंनी राग टिकवायचा फार प्रयत्न केला. मग त्या उंबऱ्यातच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. त्यांच्या मागोमाग सारं गाव हसलं. किसनरावांनी वरवंटा उचलून झटकला, पाळण्यात परत ठेवला आणि म्हणाले, "लई गुनी लेकरू हाय!"

दिवस मावळायच्या सुमारास सोनाजी ओट्यावर अंगठ्याला हळद लावून बसला होता. नर्मदाबाईंनी आपला नेम मोडला. "दावा त्याला लेक," त्या म्हणाल्या, "न्हाई तर पुन्हा कायतरी उचलून आनंल." द्वारकानं लेक आणून त्याच्या मांडीवर ठेवली. मुठी आवळलेल्या, जावळ कपाळावर आलेलं, रडून रडून नाक लाल झालेलं. सोनाजीनं एक बोट पुढं केलं, ते तिनं घट्ट धरलं. त्याचे डोळे भरून आले.

"द्वारके," तो म्हणाला, "तुला खरंच वाटलं का गं, मी दुसरी केली म्हनून?"

"न्हाई वो," द्वारका म्हणाली. "आई म्हनली, बेबीबाई म्हनली, पन मला एक घडीबी न्हाई वाटलं."

सोनाजीची छाती फुगली. "एवढा इस्वास हाय माझ्यावर?"

"इस्वास कसला? तुमाला दुसरी कोन देतंय?"

"मंग लेकराला पाजाया काहून धावली?"

"मला वाटलं, पाळना घेतानी तुमी आत बघितलंच नसंल," द्वारका साध्या आवाजात म्हणाली. "पिंजाऱ्याचं लेकरू आत झोपलेलं, अन् तुमी तसंच उचलून आनलं. अन् माय मागून येऊन राहिली म्हनल्यावर तर खात्रीच पटली. म्हनलं, बिचारी गाडीमागं वरडत पळत येऊन राहिली असंल. ती पोचंस्तोवर लेकराला पाजून ठिवावं."

सोनाजीला खरं तर फार राग यायला हवा होता. पण लेक त्याचं बोट धरून मांडीवर नुकतीच झोपली होती, आणि मोठ्यानं बोलायची सोय नव्हती.