मी आमची क्रिकेट टीम शिजवली

अख्ख्या बऱ्हाणपुरात क्रिकेट कळणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे मी! हे मी नाही, इतवारा पेठेतला दगा हलवाई म्हणायचा. त्याच्या दुकानासमोरच्या फळीवर बसणारे सगळेच म्हणायचे. यंदा कोण चालेल, कोण पडेल, कोणाला खाली खेळवायचं, हे मी सांगायचं आणि कॅप्टन दिगंबर मास्तरांनी ते यादीत उतरवायचं. अकरा वर्षं असंच चाललं. माझा शब्द एकदाही खोटा ठरला नाही!

आता खरं सांगून टाकतो. त्यातला एकही शब्द माझा नव्हता.

मी वकिलाकडे कारकून. दुसऱ्याने लिहिलेल्याची नक्कल करणं एवढंच मला येतं. रविवारी मॅच पाहून आलो की मी स्वयंपाकघरात पाटावर बसायचो आणि शारदाला, म्हणजे माझ्या बायकोला, पहिल्या चेंडूपासून सगळं सांगायचो. ती भाकरी थापत ऐकायची. तिने जन्मात मॅच पाहिली नव्हती. बॅट एकदा पाहिली होती, मी तेल लावायला घरी आणली तेव्हा. "धुणं बडवायला बरी आहे," एवढंच म्हणाली. मग मला भलतंच काहीतरी विचारायची. वारा कुणीकडून होता? मास्तर जेवून आले होते का? आणि दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातात देताना एक वाक्य बोलायची. ते वाक्य मी फळीवर नेऊन टाकायचो. त्याचा अर्थ मी कधी विचारला नाही. पोस्टमन पत्रं वाचत बसतो का?

श्रावणात शारदा गेली. तीन दिवसांचा ताप. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

दिवाळी झाली आणि क्रिकेटचा हंगाम नेहमीसारखा सुरू झाला. साल १९३४. चांदनीचे रेल्वेवाले, रावेरवाले आणि मिलवाले अशा तीन मॅच झाल्या, आणि तिन्हींत आमचा मुख्य बॅट्समन कौतिक शून्यावर बाद!

"शून्य, शून्य, शून्य!" यादव माझ्या नाकापुढे तीन बोटं नाचवत म्हणाला. यादव स्टेशनावर मालबाबू. "ये बॅट्समन है का खांब है? अरे, खांब तरी उभा राहतो!"

"मागच्या साली खंडव्याला त्यानंच मारलं," दगा कढईत झारा फिरवत बोलला. "अठ्ठ्याऐंशी! मी फुकट जिलबी वाटली होती, मले पक्कं याद आहे."

"मागच्या सालची जिलबी आज खाशील का?"

"तुला चारीन!"

"माझा मेव्हणा अरविंद आलाय. त्याला घ्या. त्याची स्वतःची पांढरी पँट आहे!"

"पँट रन काढते का? कौतिकनं धोतरावर अठ्ठ्याऐंशी काढले!"

"भांडू नका," दिगंबर मास्तर म्हणाले. ते शाळेत इतिहास शिकवायचे आणि कोणत्याही भांडणाकडे जुन्या लढाईसारखं पाहायचे. "शनिवारी खंडव्याला यादी द्यायची आहे. एकदा नाव कापलं की त्या खेळाडूला पुन्हा घ्यायचं नाही, हा कमिटीचा नियम. दत्तोपंत, कौतिक ठेवायचा की कापायचा? तुम्ही सांगाल ते."

सगळी फळी माझ्याकडे वळली. रस्त्याच्या पलीकडे कौतिक स्वतः उभा होता, मान खाली घालून. दर रविवारी तापीपलीकडच्या शेतातून चार कोस चालत यायचा बिचारा.

"उद्या सकाळी सांगतो!" मी छाती काढून म्हणालो. अकरा वर्षांची सवय! तोंडाला कुठे माहीत होतं की घरी आता कोणी नाही?

घरी आलो. पाटावर बसलो. चुलीला सांगितलं, "कौतिक परत शून्य." चूल काही बोलली नाही.

भूक लागली होती. श्रावणापासून मला एकच पदार्थ येत होता, खिचडी. डब्यात तांदूळ होते, डाळ संपलेली. शोधता शोधता वरच्या फडताळात, परातीच्या मागे, एक रांग सापडली. मुठीत मावतील एवढी मातीची बोळकी, बरोबर बारा! प्रत्येकात थोडे थोडे दाणे. पहिलं उपडं केलं तर काळ्या अख्ख्या उडदांची धारच लागली. दुसऱ्यात उडीद आणि तूर. तिसऱ्यात तूरच जास्त. मला भरून आलं. जाता जाताही बाई माझी सोय करून गेली! भराभर अकरा बोळकी पातेल्यात रिकामी केली. बाराव्याच्या गळ्यात झाकणासारखा कापसाचा बोळा बसवलेला होता. तो ओढत होतो, तेवढ्यात शेजारच्या सोजरबाई ताक घेऊन आल्या.

"भाऊ, काय करू राह्यले?"

"खिचडी."

त्यांनी फडताळाकडे पाहिलं. पातेल्याकडे पाहिलं. ताकाचा तांब्या खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.

"अरे देवा! भाऊ, तुमी टीम शिजवली!"

"काय शिजवली?"

"टीम! तुमची किरकेटची! एक बोळकं म्हणजे एक गडी. चांगला खेळला तर तूर, वाईट खेळला तर उडीद. तुमी इथं सांगत बसा, अन् शारदा पिठाच्या हातानंच दाणा टाके. हे पाह्य, खडूची रेघ, हे तुमचे मास्तर. अन् तुमच्या हातात आहे ना, कापसाचं, ते कौतिक. ठेवा ते खाली!"

मी पातेलं चुलीवरून उतरवलं. पाणी काळंकुट्ट झालं होतं. अकरा वर्षांचं क्रिकेट त्यात खालीवर होत होतं! आणि मी? मी तिची एवढी विद्या रांगेतून उचलली आणि वरून मीठ टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळीवर गेलो नाही. ओटीवर मांडी घालून बसलो, समोर परात, परातीत ओले दाणे. एकेक दाणा बोटाने सरकवत पुटपुटत होतो, "हा मास्तरांचा... हा नाही... हा मास्तरांचाच..." मी आलो नाही म्हणून फळीच माझ्याकडे आली. सगळ्यांत पुढे दगा. त्याने मला पाहिलं, परात पाहिली, आणि उंबऱ्याबाहेर जोडे काढले!

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "दत्तोपंत दाणे पाहतात!"

आमच्याकडे काही हरवलं, कोणी आजारी पडलं, की लोक भगताकडे जातात. तो दाणे टाकतो आणि दाणे पाहून सांगतो. अकरा वर्षं माझा शब्द खरा कसा ठरला, याचं कोडं दगाला त्या क्षणी सुटलं. आणि दगाला कळलं म्हणजे इतवाऱ्याला कळलं! तासाभरात माझ्या ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

"भाऊ, माही म्हैस तीन दिवस झाले दिसत नाही," भागाबाई गर्दीतून पुढे घुसली. "दाणा टाका."

"बाई, मी वकिलाचा कारकून आहे."

"मग तर कागदावर लिहूनच द्या!"

"मला काही कळत नाही हो!" मी वैतागून दाराकडे हात केला. तिने हाताची दिशा पाहिली, पदर खोचला आणि पळाली. घटकाभरात म्हैस घेऊनच परत! त्याच दिशेला नदीकाठी चरत होती म्हणे. मग काय विचारता! लोक पायाच पडायला लागले. एका म्हातारीने प्रसाद म्हणून परातीतले दोन दाणे तोंडात टाकले. आमचा विकेटकीपर गेला!

"आता कौतिकचं पाहा," मास्तर म्हणाले. इतिहासाचे मास्तर, पण त्यांनीही हात जोडले होते.

मला खोटं बोलवेना. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं. हे माझं नाही, शारदाचं आहे. भगत नाही, भाकरी थापणारी बाई होती. अकरा वर्षं तिचं बोलणं मी माझं म्हणून खपवलं, आणि काल तिची अकरा बोळकी शिजवली. एक उरलंय, ते कौतिकचं.

 मी वरचं कापसाचं झाकण काढून बोळक्यातले दाणे काडीने हलके हलके ताटात काढले. वर सात तुरी. मग एक कापसाचा बोळा. त्याच्याखाली चार उडीद. त्याच्याखाली पुन्हा तुरी, पुन्हा बोळा, पुन्हा उडीद. एकेक साल बाहेर येत होतं. दर साली तेच! हंगाम सुरू झाला की उडीद, मग कापूस, मग एकापाठोपाठ तुरी. यादवसुद्धा वाकून पाहत होता.

"पण हे बोळे कशाचे?" मास्तरांनी विचारलं.

"वेचणीचे," सोजरबाई दारातून बोलल्या. "माह्या माहेरी कापूसच आहे, कौतिकच्या शेताले लागून. शारदा दर साली मले विचारे, 'सोजर, तिकडची वेचणी सरली का?' मी व्हय म्हटलं की बोळा टाके."

मास्तर हळूहळू मागे वळले. कौतिक पार शेवटी, भिंतीला टेकून उभा होता.

"कौतिक, हात दाखव."

त्याने हात पुढे केले. दहाही बोटांची टोकं फाटलेली. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. दिवाळीपासून रोज दिवसभर वेचणी, आणि रविवारी त्याच बोटांनी बॅट धरायची!

"अरे, बोलला का नाहीस?"

"त्यात काय सांगायचं मास्तर?" कौतिक म्हणाला. "कापूस तर सगळेच वेचतात."

 आम्ही अकरा वर्षं वीस पावलांवरून त्याला पाहत होतो. त्याच्या हातात ग्लोव्ह घालून देणारे मास्तरच होते. आणि ते हात दिसले कोणाला, तर ज्या बाईने कौतिकला कधी पाहिलंच नव्हतं, तिला! चुलीपुढे बसून! दगाने पागोटं काढून हातात धरलं. मी ताटातल्या त्या काळ्या-तांबड्या दाण्यांकडे पाहत राहिलो. जिच्याबरोबर मी एकवीस वर्षं राहिलो, ती बाई एवढी मोठी होती आणि मला पत्ता नव्हता.

इथे मी थांबायला हवं होतं. पण नक्कल करणाऱ्याला स्वतःचं एक वाक्य जोडायची हौस असते!

"कौतिकला ठेवा!" मी ओरडलो. "उडीद संपले! रविवारी खंडव्याला पन्नास काढणार!"

रविवारी कौतिक पहिल्याच चेंडूवर गेला. शून्य.

"तुझ्या दाण्यांना भुंगा लागला रे, दत्तू!" यादव म्हणाला. दत्तोपंतांचा दत्तू व्हायला एक चेंडू पुरला.

घरी आलो तर सोजरबाई दारातच. "वेचणी सरली का, ते विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं! यंदा पाऊस उशिरा आला होता. निम्मा कापूस अजून झाडावर होता. शारदाने पहिली गोष्ट तीच विचारली असती.

त्याच संध्याकाळी कमिटी बसली. मास्तरांनी नाव कापायला टाक शाईत बुडवलासुद्धा. मी मध्ये हात घातला. "थांबा! वेचणी सरेपर्यंत नाव राहू द्या. त्यानंतरच्या मॅचला नाही चालला, तर मी जन्मात त्या फळीवर बसणार नाही."

"मंजूर!" यादव सगळ्यांच्या आधी ओरडला.

तीन आठवडे मी रोज सकाळी सोजरबाईंना एकच प्रश्न विचारला. चौथ्या सोमवारी त्या म्हणाल्या, "सरली." पुढच्या रविवारी भुसावळवाले आले. कौतिकची बोटं बरी झाली होती. पहिला चेंडू त्याने लालबागेच्या मैदानाबाहेर चिंचेच्या झाडात मारला, तो अजून सापडला नाही. एक्याण्णव! दगाने जिलबी वाटली. यादवने दोनदा घेतली, आणि फळीवर मला बसायला जागा करून दिली.

संध्याकाळी कौतिकच्या बोळक्यात मी कापसाचा बोळा टाकला आणि तुरीसाठी डबा उघडला. तूर कुठली असायला? सोजरबाईंकडे गेलो.

"तूर पाहिजे होती. एक."

"एक वाटी?"

"एक दाणा."

त्या आत गेल्या आणि तळहातावर एक दाणा घेऊन आल्या. तेव्हा मला एकदम सुचलं. "सोजरबाई, गडी अकरा. मग बोळकी बारा कशी? रांगेतलं पहिलं कोणाचं?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुमचं."

"मी कुठे खेळलो?"

"खेळले नाही, पण घरी येऊन बोलत तर होते! बोलणं शारदाले पटलं तर तूर. न्हाई तर..."

पुढचं ऐकायची गरज नव्हती. पहिल्या बोळक्यातून पडलेली ती काळी धार मला चांगली आठवत होती. पातेल्यातलं पाणी एवढं काळं कशाने झालं, तेही कळलं.

पण एक सांगतो. त्या दिवशी लोक गेल्यावर परातीत उरलेली टीम मी पुन्हा चुलीवर चढवली आणि खाल्ली. टाकवेना. खाताना एक कच्ची तूर कचकन दाताखाली आली. दाढ अजून दुखते. ती तूर माझ्याच बोळक्यातली होती, असं मी धरून चाललोय!