मिक्सरच्या खोक्यातलं मरण

परत आलेल्या खोक्यातून गोधडीऐवजी एक मरण निघालं, आणि ते आमचं नव्हतं. गोधडीसारखीच घडी घातलेलं, राखाडी रंगाचं, हाताला गार. वास कसलाच नव्हता. खोकंही आमचं नव्हतं, मिक्सरचं होतं.

आम्ही बार्शीत गोधड्या विकतो. म्हणजे माझी बायको कला शिवायची आणि मी मोबाईलवरून विकायचो. या धंद्यात माल परत येणं काही नवं नाही. गिऱ्हाईक नवी गोधडी ठेवून घेतं आणि जुनेरं पाठवतं. एका बाईनं तर पायपुसणं पाठवलं होतं, तेही ओलं. वर ज्या कंपनीच्या ॲपवर विकायचो ती कायम गिऱ्हाइकाच्या बाजूची. म्हणून मी शहाणा झालो होतो. प्रत्येक गोधडीच्या एका कोपऱ्यात कला लाल दोऱ्याचे आडवे टाके घालायची, सांगितल्याशिवाय कोणाला दिसायचे नाहीत असे. माल खोक्यात भरताना मी व्हिडिओ काढायचो, वजनकाट्याचा आकडा दिसेल असा. परत आलेलं खोकं मी घरी असल्याशिवाय घ्यायचं नाही, हा नियमही माझाच. त्या नियमाची मला फार घमेंड होती.

त्या मंगळवारी मी दोरा आणायला पेठेत गेलो होतो. कुरियरवाले शेळके आले. कलानं त्यांना पाणी दिलं, माझी वाट बघत त्यांना उन्हात कुठं उभं करायचं म्हणून ओटीपी सांगितला आणि खोकं घेतलं. परतीच्या मालात मरण असेल तर ते ओटीपी सांगणाऱ्याच्या नावावर चढतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण रोज पायपुसणीच येत असल्यामुळे कोणी ध्यानात ठेवत नाही.

"आवं, ह्यात गोधडी न्हाई," मी आल्यावर ती म्हणाली. "कुणाचं तरी मरण हाय."

मी चारही कोपरे उलटून पाहिले. लाल टाके नव्हते. कलानं कड चिमटीत धरून बघितली, शिवणकाम करणारी बाई कुठलंही कापड बघते तशी.

"उसवाय लागलंय," ती म्हणाली. "अमुशापर्यंत काय टिकत न्हाई."

म्हणजे अमावास्येच्या आत ते कलाला घेऊन जाणार होतं. आमची मुलगी मनीषा बाळंतपणाला यायची होती आणि कलानं बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं होतं. ते अर्धं झालं होतं.

मी मरणाचे फोटो कंपनीला पाठवले, मग फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडे एक बाई होत्या, आवाजानं तरुण, बोलायला अदबशीर.

"सर, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पण परत आलेल्या मालाचं वजन पाठवलेल्या मालाइतकंच भरतंय."

"बाई, ते मरण आहे."

"हो सर. फोटोत आम्हालाही तसंच दिसतंय. पण वजन जुळतंय."

मी लाल टाक्यांचं सांगितलं, गोधडी भरतानाचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी थोडा वेळ घेतला आणि तक्रार ग्राह्य धरली. माल आलेल्या खोक्यात भरायचा, भरतानाचा व्हिडिओ द्यायचा, शेळके येऊन घेऊन जातील.

"एकच काळजी घ्या सर. आलं तेवढंच गेलं पाहिजे. आपल्याकडचं काहीही आत गेलं, तर तो माल आपलाच धरला जातो."

"कळलं," मी म्हणालो. कलानंही मान हलवली.

मग मी गिऱ्हाइकाला फोन केला. नाशिकचे पिंगळीकर. मला वाटलं होतं, फोन उचलणार नाहीत. पण लगेच उचलला.

"मी कारण लिहिलंय ना काका. साईज लहान."

"गोधडी कुठाय?"

"बाबांच्या अंगावर. छान ऊब आहे हो तिला. डॉक्टरांनी हात टेकले होते, पण काल उठून बसले."

"आणि मरण आमच्याकडं."

"तुमच्याकडे परतीची सोय आहे म्हणून तर तुमच्याकडून घेतली," पिंगळीकर म्हणाले. "बाकीचे परत घेत नाहीत."

मी काही बोलणार तोच कलानं मोबाईल ओढून घेतला. "वडील जेवत्यात का?"

"आज मऊ भात खाल्ला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि फोन मला दिला. तो बंद केल्यावर तिनं मरणाकडं बघितलं. "पाठवायचंच हां परत. म्हातारबाबाचं वाईट वाटतंय, पण पोरीचं बाळंतपण कोण करील? मला आत्ता जाता यायचं न्हाई."

मी म्हणालो, तुला जाऊ देतोय कोण.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोकं भरायला घेतलं. मी मोबाईल धरला. कलानं मरणाची घडी नीट केली, काट्यावर ठेवली, आकडा दाखवला, घडी खोक्यात ठेवली. मग ती स्वयंपाकघरात गेली, कागदाच्या पुडीत मूठभर साखर बांधून आणली, मरणाशेजारी ठेवली आणि खोक्याला चिकटपट्टी लावली. शेळके खोकं घेऊन गेले. आम्ही चहा प्यालो. खूप दिवसांनी मला दुपारची झोप लागली.

तिसऱ्या दिवशी त्याच बाईंचा फोन आला. खोकं पिंगळीकरांकडं पोचलं होतं, पण वजन जास्त भरलं होतं.

"सर, व्हिडिओमुळे निर्णय घेणं सोपं गेलं. मॅडम साखर घालताना स्वच्छ दिसतायत. इतका चांगला व्हिडिओ फार थोडे विक्रेते पाठवतात."

माझ्या डोळ्यांदेखत तिनं ती पुडी घातली होती. मोबाईल माझ्याच हातात होता. पण मला त्यात खटकण्यासारखं काही दिसलंच नाही. आमच्याकडं कोणाचं भांडं मोकळं परत जात नाही. शेजारची वाटी जाताना चमचाभर साखर तरी घेऊन जाते. आई करायची, कला करते, मी लहानपणापासून बघत आलोय, आणि जे जन्मभर बघितलं ते दिसायचं बंद होतं.

"आगं, खोकं मोकळं कुठं होतं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"मरण काय वस्तू हाय व्हय?" ती म्हणाली. "ते असून खोकं मोकळंच की." मग खाली बसली.

मी त्या बाईंना पुन्हा फोन केला आणि मरण माझ्या नावावर करा म्हणालो. त्या म्हणाल्या, नावात बदल फक्त माल स्वीकारण्याआधी करता येतो. मी रडलो. त्यांनी माझं रडणं होईपर्यंत फोन ठेवला नाही, आणि मग आणखी काही मदत हवी आहे का, असं विचारलं.

शेळके खोकं परत घेऊन आले. मी दारात आडवा उभा राहिलो आणि म्हणालो, ओटीपी मी सांगतो.

"ज्याच्या नावावर हाय त्यानंच सांगावा लागतो, दादा," शेळके म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते.

कलानं सांगितला. मी व्हिडिओ चालू केला, तिनं खोकं उघडलं. मरण होतं तसं होतं, कड जरा जास्त उसवलेली. साखर काढून घेतली होती. तिच्या जागी एक हिरवा खण होता आणि कुंकवाची पुडी.

"म्हाताऱ्यानं घातला असंल," कला म्हणाली. "पोरान्ला ह्यातलं काय कळतंय." तिनं खण बोटांनी चोळून बघितला. "कापड चांगलंय."

अमावास्येच्या आदल्या दिवशी, दुपटं हातात असताना, कला गेली. शेजारणींनी तिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. खणाचं ब्लाऊज शिवायला सवड नव्हती, म्हणून तो ओटीत घातला. मनीषा पोट सांभाळत आली आणि आईच्या पायाशी बसून राहिली. मला कलाचा राग आला होता. अजूनही येतो, रोज सकाळी चहात साखर घालताना येतो.

काल पिंगळीकरांचा फोन आला.

"काका, आमचं ते खोकं असेल का? मिक्सर बिघडलाय आणि वॉरंटीला मूळ खोकं मागतायत. बाबांनी नमस्कार सांगितलाय."

"पाठवतो," मी म्हणालो.

खोकं समोर ठेवलंय. मरण संपल्यामुळे ते आता मोकळं आहे. सकाळपासून मी आत घालायला काहीतरी शोधतोय. साखरेचा डबा दोनदा उघडला आणि बंद केला. तसं एक अर्धं दुपटं आहे, पण ते मनीषाच्या बाळाचं आहे. शेळके चारला येतील.