वाएलची नजर आणि इनासचा साचा

अलेक्झांड्रियाच्या विद्यापीठात इनासला दोन गोष्टींची ठाम खात्री होती. एक, कोंबडीच्या गर्भात हृदय घडवणारा तिचा जीन तिला डॉक्टरेट मिळवून देणार. दुसरी, शेजारच्या टेबलावरच्या वाएलची नजर वाईट आहे.

दुसरीला पुरावा होता. तिचं काम पाहून वाएल म्हणाला होता, "छान जमलंय," आणि पुढे माशाअल्लाह म्हणायचं विसरला होता. आता माशाअल्लाहशिवाय कौतुक म्हणजे उघड उघड दृष्टच. हे फोनवर ऐकून इनासच्या आईने त्याच दिवशी दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी धाडला.

प्रयोग तसा सरळ होता. जीन कामाला लागला की पेशी त्याचा आरएनए काढते, म्हणजे निरोपच म्हणा. त्या निरोपाला चिकटणारा तुकडा बनवून गर्भात सोडायचा. जिथे निरोप, तिथे निळा डाग. डीएनएचे धागे दोन. पेशी ज्या धाग्याला साचा करते, त्याच धाग्यावरून इनासने आपला तुकडा काढला. पेशीपेक्षा शहाणं कोण, असं ती सगळ्यांना ऐकवायची. दुसऱ्या धाग्यावरून काढलेला तुकडा नुसता तुलनेसाठी. तो चिकटू नये, गर्भ कोरा राहावा.

झालं नेमकं उलटं. खरा गर्भ कोरा, आणि तुलनेच्या गर्भाचं हृदय निळंशार.

तुकड्यांच्या ट्यूबा कोणी बदलल्या, हे इनासला विचारावंसुद्धा लागलं नाही. परीक्षक रविवारी येणार होते, आणि निळ्या हृदयाचे फोटो नाहीत तर डॉक्टरेट वर्षभर लांबणार होती. तिने ते निळे गर्भ दात-ओठ खात कचऱ्यात टाकले, ट्यूबांच्या डब्याला कुलूप लावलं, फ्रीजरला मणी टांगला आणि वाएलशी बोलणं बंद केलं. तो बिचारा दोनदा काहीतरी सांगायला आला. दोन्ही वेळा ती हाताने ट्यूबा झाकून उभी राहिली.

पुन्हा प्रयोग केला. कुलूप शाबूत, मणी जागेवर, आणि निकाल तोच. निळे गर्भ पुन्हा कचऱ्यात गेले. म्हणजे हे हाताचं काम नव्हे, नजरेचंच, असं तिच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी ती आईकडचा धूप घेऊन आली आणि फ्रीजरभोवती फिरवू लागली. तिसऱ्या फेरीला आगीचा भोंगा वाजला, आणि अख्खी इमारत अंगणात येऊन उभी राहिली.

डॉक्टर मेर्वत तिच्या मार्गदर्शक. त्यांनी धुपाचं भांडं पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. इनासने सगळ्यांसमोर वाएलकडे बोट दाखवून साठलेलं सगळं बाहेर काढलं. मेर्वतबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुकडा कुठल्या धाग्यावरून काढलास?"

"पेशी वापरते त्याच."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, ईदला साच्यातली बिस्किटं, कहक, करतेस ना? एकाच साच्यातून काढलेली दोन कहक एकमेकांत बसतात का? कहक बसतं ते साच्यात. पेशीचाच साचा तू वापरलास, म्हणून तुझा तुकडा त्या निरोपाचा जुळा भाऊ निघाला. तो त्याला चिकटणार कसा? चिकटणारा तुकडा दुसऱ्या धाग्यावरून निघतो."

"दुसऱ्या म्हणजे... तुलनेच्या?"

"ज्याचे गर्भ निळे झाले, त्याच."

हवा होता तो निकाल दोन्ही वेळा इनासच्या हाती आला होता, आणि दोन्ही वेळा तिने तो स्वतःच्या हातांनी फेकला होता. नव्याने प्रयोग करायला रविवारपर्यंत वेळ नव्हता. तिला सगळ्यांसमोर रडू फुटलं.

मग वाएल खाकरला. "मी उचलून ठेवलेत. दोन्ही वेळचे. लेबलांची अदलाबदल वाटत होती मला, तेच सांगायला येत होतो. पण तू बोलू देशील तर ना."

वर प्रयोगशाळेत, त्याच्या फ्रीजमध्ये, दुपारच्या डब्यामागे, सगळे गर्भ नीट झाकून ठेवलेले होते. इनासने माफी मागितली. अगदी मनापासून, मान खाली घालून. वाएलने एक गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, डोळा लावला आणि थक्क होऊन म्हणाला, "इनास, इतकं सुंदर हृदय मी आजवर पाहिलं नाही..."

इनासने झटकन पुढे होऊन भिंगावर हात ठेवला.

"आधी माशाअल्लाह म्हण."