माशाचा श्रावण

"हो" म्हणायला धनेशला कधी वेळ लागला नाही, आणि त्याच्या आयुष्याची माती केली ती याच सवयीने. सोनल मॅडम लेकीच्या बाळंतपणाला बंगळूरला निघाल्या होत्या. "धनेश, महिनाभर माझा मासा सांभाळाल?" असं त्यांनी विचारलं आणि हा गडी प्रश्न संपायच्या आत "हो मॅडम" म्हणून मोकळा! (मासा केवढा, खातो काय, हे विचारायचं सुचलं ते टेम्पो दारात आल्यावर.)

तसा त्यात स्वार्थ होताच. मॅडमच्या कंपनीच्या खडवलीच्या गोदामात धूळ खाऊन धनेश विटला होता. ठाण्याला, वर्तकनगरच्या ऑफिसात एक खुर्ची रिकामी होती. एसीखाली, चाकांची. ती कुणाला द्यायची ते मॅडमच्या हातात, आणि मॅडमचा जीव त्या माशात.

मासा हातभर लांब, चंदेरी, नाव बादशाह. धनेशचं घर दिवा स्टेशनजवळ. दिव्यात नळाला पाणी येणार तासभर, त्यातलं निम्मं बादशाहच्या टाकीत. "आपली आंघोळ राहिली तरी चालेल," बायको, म्हणजे दर्शना, म्हणाली, "पाहुण्यांची झाली पाहिजे." पण खरी पंचाईत खाण्याची. बादशाहला जिवंत रातकिडे लागत. बाकी कशाला तोंड लावणं त्याच्या शानमध्ये बसत नसे. धनेशने दुकानातून डबाभर रातकिडे आणले. डबा किर्र किर्र करत घरात शिरला आणि धनेशची आई हौसाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

हौसाबाई म्हणजे जुन्या दिव्यातली आगरीण. अकरा महिने माशाशिवाय घास उतरायचा नाही, आणि श्रावणात घरात अंडंसुद्धा फुटायचं नाही. आणि नेमका श्रावण लागलेला.

"यो खायचा नाय?" टाकीकडे बोट दाखवून तिने विचारलं.

"नाही गं आई."

"मंग आनलास कनाला?"

"मॅडमचा आहे. आपण फक्त त्याला खायला घालायचं." धनेशने डबा पुढे केला.

"जित्ते किरे? श्रावनान? माजे घरान?"

"मी कुठे मारतोय? तो मारणार."

"तो कोनाचे घरान हाय? माजे. मंग त्याला पन श्रावन!"

झालं. डबा जप्त होऊन माळ्यावर गेला. (फेकला नाही. "श्रावन संपला का गलाला लावू, खाडीव जाव," असा तिचा हिशेब.) बादशाहपुढे भगर पडली, दुसऱ्या दिवशी साबुदाणा. त्याने दोन्हीकडे पाठ फिरवली आणि धनेशकडे रोखून पाहिलं. खुर्ची गेली! मासा मेला की खुर्ची गेली!

वर मॅडमचा रोज व्हिडीओ कॉल. "जेवला का?"

"हो, हो मॅडम."

"उपास हाय त्याला!" मागून हौसाबाई.

"अय्या धनेश, माझ्या माशासाठी तुम्ही उपास करताय?"

आता काय सांगणार, कपाळ? "हो मॅडम." त्या दिवसापासून धनेशलाही भगर सुरू झाली. दर्शनाला हसू आवरेना. धनेशला रडू.

शेवटी सत्यनारायणाच्या दिवशी त्याने धीर केला. माळ्यावर चढून डबा उघडला, एक रातकिडा झब्ब्याच्या खिशात टाकला. घाईत झाकण नीट लागलं नाही, हे सांगायला हवं का? भटजींनी पोथी उघडली आणि माळ्यावरून किर्र, सोफ्याखालून किर्र, चौरंगामागून किर्र!

"फोन सायलेंटवर टाका हो," भटजी वैतागले. सगळ्या पाहुण्यांनी निमूट आपापले फोन तपासले. धनेशने तर बंदच करून टाकला.

आरती लागली. मॅडमना दर्शन घडावं म्हणून दर्शनाने आपल्या फोनवर व्हिडीओ कॉल लावलेला. सगळ्यांचे डोळे देवाकडे. धनेश हळूच टाकीकडे सरकला, झाकण उचललं, चिमटीत रातकिडा धरला. बिचाऱ्याला वाटलं, अलगद सोडू. पण उपाशी बादशाहला एवढा दम कुठला? त्याने पाण्यातून अशी उसळी मारली की रातकिडा गिळून, धनेशच्या खांद्यावरून, थेट भटजींच्या पायाशी! भटजी खुर्चीवर. पाहुणे सोफ्यावर. फरशीवर बादशाह फडाफडा आपटतोय आणि धनेश नुसता "धरा, धरा" ओरडतोय, स्वतः तीन हात लांबून.

हौसाबाईने टाळ खाली ठेवले, पदर खोचला, एक हात माशाच्या डोक्याखाली, एक शेपटीशी, आणि उचलला की! आणि सवयीने सरळ निघाली स्वयंपाकघराकडे.

"आई, श्रावण!" धनेशने टाहो फोडला.

हौसाबाई उंबरठ्यावर थबकली. हातातल्या माशाकडे हळहळून बघितलं, मागे फिरली आणि त्याला टाकीत सोडलं. "नशीब त्याचा. श्रावन हाय म्हनून वाचला."

फोनमध्ये मॅडम तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. मग कॉल कट झाला. धनेशला प्रसादाचा शिराही गोड लागला नाही.

बाहेर पळालेले रातकिडे मात्र कुणालाच सापडेनात. उघड्या टाकीच्या काठावर आलेले बादशाह उडी मारून जमेल तसे टिपत राहिला. "तो आपला आपन खातंय, मी नाय बघितला," म्हणून हौसाबाईने तोंड फिरवलं, आणि मासा जगला.

मॅडम परतल्या, मासा ठाण्याला गेला, आणि त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. धनेश उभा राहून बोलला.

"धनेश, मी सगळं पाहिलंय."

"चुकलो मॅडम."

"अहो, चुकलो काय? मागे त्याने उडी मारली तेव्हा आम्ही फायर ब्रिगेडला बोलावलेलं! इतकं धीराचं माणूस मला ठाण्यालाच हवं. पगाराचं नंतर बोलू. उद्या सकाळी गाडी पाठवते."

धनेशने फोनला नमस्कार केला. बिल्डिंगभर पेढे वाटले. सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून गेटवर उभा राहिला. गाडी आली. एसीवाली. धनेशने दार उघडून एक पाय आत टाकला.

"एक मिनिट," ड्रायव्हर म्हणाला. "हौसाबाई कोण? मासा सांभाळायला मॅडमनी त्यांना बोलावलंय."

हौसाबाई मागून आलीच, नवं लुगडं, डोक्यात गजरा. धनेशला बाजूला सारून ती ऐसपैस बसली.

"आई, तू? आणि श्रावण?"

"श्रावन माजे घरान. तिचे घरान तिचा रिवाज."

ड्रायव्हरने आरशातून धनेशकडे पाहिलं. "आजी, हे कोण?"

"यो?" हौसाबाईने काच वर घेत सांगितलं, "यो किरे आनतं."