भिंतीत कोंडलेलं औषध

"अख्ख्या कापडे गावात सरकारचं औषध राखलं ते एकट्या कुशाबानं!" असं कुशाबा वर्षभर ज्याला त्याला ऐकवत होता. गेल्या साली हिवतापवाल्यांनी घरोघर डी.डी.टी. फवारली आणि बजावलं, भिंती सारवू नका. लोकांनी ऐकलं आणि फसले! त्यांचं औषध वाऱ्यावर उडून गेलं. कुशाबाने मात्र बायकोकडून, बनुबाईकडून, शेणामातीचे दोन हात चढवून घेतले. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तसं औषध आत कोंडलं! शेजारचा येसाजी तर कंबर धरली की औषध लागावं म्हणून त्याच भिंतीला पाठ लावून बसे.

यंदा बनुबाईलाच एक दिवसाआड हुडहुडी भरू लागली. जात्यात खडे भरडावेत तसे दात वाजत! कुशाबाला भिंतीच्या अब्रूची काळजी. "वात हाय," म्हणून तो सांगे. पण आज तापात ती त्यालाच "आये" म्हणाली, तेव्हा त्याचं धाबं दणाणलं.

तेवढ्यात हिवतापवाला भागोजी दारात उभा!

"काका, यंदा फवारणी नाही. ज्याला ताप असेल त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब हवा."

"गेल्या साली औषध दिलंत, यंदा रगत मागता? उद्या हाडं मागाल! तुमचं एक तरी बोलणं खरं हाय का?"

गोधडीतून आवाज आला, "अवो, डास न इचारता रगत नेतो, त्याला काय बोलत नाय. ह्यो बापडा इचारतोय, तर भांडता!"

भागोजीने आत जाऊन काचेच्या पट्टीवर थेंब घेतला. "काका, तेव्हा डास फार होते. चावून भिंतीवर बसायचे आणि औषध पायाला लागून मरायचे. आता डास कमी झाले, पण हिवताप माणसांच्या रक्तात दडलाय. तिथे शोधायला हवा. म्हणून आमचं सांगणं बदललं." त्याने भिंतीवरून हात फिरवला. "ही कोणी सारवली?"

"हिनं!"

"आन् दोन हात दे, कोण बोललं?" गोधडी गरजली.

"अहो, औषधावर शेण थापलंत! डासाच्या पायाला लागणार काय?"

आजही भिंतीला टेकून बसलेल्या येसाजीने हळूच पाठ काढून घेतली.

"मंग हे कारण तवाच का नाय सांगितलंस?" कुशाबा उसळला.

"सांगत होतो, काका. तुम्ही मधेच 'कळलं, कळलं' म्हणालात आणि चहा पाजून मला वाटेला लावलंत!"

 भागोजीने गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. "काकूंना उपाशीपोटी देऊ नका, कारण..."

"कळलं!"

बनुबाईने गोधडीतून डोकं बाहेर काढलं आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं.

कुशाबा खाकरला. "न्हाय... म्हंजे... कारण काय, तेवढं सांग."